दोन दिवसांची उसंत

"कादंबरीच वाचायची, तर त्यासाठी माथेरानला कशाला जायला हवे? कोपरीत काय दिवे नाहीत?"

हा प्रश्न आमच्या यजमानांचा. गेल्या मे महिन्यात मी पिशवी भरीत होते, तेव्हा दारात उभे राहून त्यांनी तो विचारला. पिशवीत चार कपडे, सासूबाईंच्या गोळ्या, लाडवांचा डबा आणि वाचनालयातून आणलेले एक जाडजूड पुस्तक एवढाच ऐवज होता. प्रश्न विचारणे हा माझा रोजचा धंदा. मी प्राथमिक शाळेत शिकवते, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. परंतु मॅट्रिकच्या पलीकडे न शिकलेल्या माणसाची एक खोड असते. उत्तर जागच्या जागी सुचत नाही, मग ते दिवसेंदिवस मनात घोळत राहते. यजमानांच्या या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला दिवाळी उजाडली. वाचकहो, तेच आज फराळाच्या ताटाबरोबर तुमच्यापुढे ठेवीत आहे.

बेत साधाच होता. दोन दिवस, आणि आम्ही दोघीच, मी व सासूबाई. त्यांना पंचाहत्तरावे लागलेले. एवढ्या वर्षांत त्या पंढरपूरला गेल्या, नाशिकला गेल्या, लग्नामुंजींना आणि बाळंतपणांना तर किती गावी गेल्या याची गणती नाही. पण नुसते बसायला म्हणून त्या कुठेही गेल्या नव्हत्या. ठाण्याहून आम्ही कर्जतची लोकल पकडली. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर मागे पडले. नेरळला उतरल्यावर बाकावर टेकत त्यांनी माझ्या पिशवीतल्या पुस्तकाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, एवढं मोठं! मी तर कादंबरी पुरी अशी एकही वाचलेली नाही. अर्ध्यावर यायच्या आत कुणीतरी हाक मारतं."

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. पण एक कादंबरी पुरी करण्याइतकी उसंत ज्या बाईला पंचाहत्तर वर्षांत मिळाली नाही, ती काही एकटी नव्हे. उसंतीलाही इतिहास असतो. ती कुणाला आधी मिळाली, कुणाला मागाहून मिळाली आणि कुणाला मिळालीच नाही, हे शोधायला आम्हां ठाणेकरांना फार लांब जावे लागत नाही. आमच्या घरापाशीच तो सुरू होतो.

कोपरी म्हणजे ठाणे स्टेशनाच्या पूर्वेचा भाग. एका अंगाला चेंदणीचा कोळीवाडा, एका अंगाला खाडी. मीठबंदराचे नाव रस्त्याला अजून चिकटून आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी इथे आपले संसार नव्याने मांडले. या वस्तीला घड्याळाची गरज सहसा पडत नाही, गाड्यांचे आवाज वेळ सांगतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून चौदा डब्यांची पहिली आगगाडी सुमारे चारशे पाहुण्यांना घेऊन निघाली, ती ठाण्यास येऊन थांबली. दुसऱ्या वर्षी लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणास पोहोचला, आणि १८५६ मध्ये नेरळवरून खोपोलीपर्यंत गेला. सह्याद्रीच्या पायथ्याशी जायला जिथे दिवस मोडत, तिथे काही तास पुरू लागले.

डोंगर मात्र त्याच्या आधीच साहेबाच्या नजरेत भरला होता. १८५० साली ठाणे जिल्ह्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा चौक गावाजवळ मुक्कामास असताना समोरचा डोंगर चढून गेला. त्यालाच माथेरानचा शोध लागला असे आपली शाळेची पुस्तके सांगतात. आता शोध म्हणावे तर धनगर, ठाकूर आणि कातकरी त्या रानात पिढ्यान् पिढ्या वावरत होते. त्यांना तो डोंगर सापडलेलाच होता. मॅलेटला जे सापडले ते निराळे. उन्हाळ्यात कामाचा गाडा सोडून चार दिवस गार वाऱ्यात बसता येईल अशी जागा त्याला सापडली. दुसऱ्याच वर्षी त्याने तिथे घर बांधले. पुढे गव्हर्नर एल्फिन्स्टनने बंगला बांधला, आणि माथेरानला जाणे ही साहेबलोकांची रीत झाली. पाठोपाठ मुंबईचे धनिक पारशी, बोहरी व गुजराथी व्यापारी आले. नेरळला उतरावे आणि तट्टावरून किंवा डोलीतून डोंगर चढावा. ज्याला तट्टू किंवा डोली परवडेल त्याला उसंत मिळे. ती डोली खांद्यावर वाहणाऱ्याला मात्र मजुरी मिळे, उसंत नव्हे.

हे अंतर थोडे कमी केले ते पीरभॉय कुटुंबाने. सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी डोंगरावर आगगाडी नेण्याचे मनावर घेतले. १९०४ साली काम सुरू झाले आणि १९०७ मध्ये नेरळ–माथेरान गाडी चालू झाली. रुळांतले अंतर अवघे दोन फूट, वळणांवर वळणे, आणि सुमारे वीस किलोमीटरची वाट. खर्च सोळा लाख रुपये आला म्हणतात, आणि त्या काळचे सोळा लाख! त्या सोळा लाखांनी झाले हे, की डोलीचे भाडे ज्याला झेपत नव्हते असा कारकून आणि मास्तरही हळूहळू बायकामुलांसह डोंगरावर दिसू लागला. आम्हांला त्या गाडीची नेरळहून तिकिटे मिळाली नाहीत. म्हणून आम्ही मोटारीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो. मोटारींना तिथून पुढे मज्जाव आहे. अमन लॉजपासून उरलेल्या टप्प्यापुरते छोट्या गाडीत बसलो. सासूबाईंनी खिडकीची कड घट्ट धरली होती. "ही तर भातुकलीतली गाडी!" एवढेच त्या म्हणाल्या, पण चेहऱ्यावर दहा वर्षांची पोर दिसत होती.

हा झाला सहलीचा इतिहास. आता कादंबरीचा.

मौज अशी, की लोहमार्ग खोपोलीला पोहोचल्याच्या दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८५७ साली, जिला आपण मराठीतील पहिली कादंबरी मानतो ती प्रसिद्ध झाली, आणि तिच्या नावातच प्रवास आहे. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन'. पदमनजी बेळगावचे, १८३१ साली जन्मलेले, आणि १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यांच्या कथेत यमुना आपल्या नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, आणि जिथे जिथे जाते तिथे तिथे विधवांची दुःखे तिच्या दृष्टीस पडतात. पुढे तीच विधवा होते. ती ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते, हा शेवट पदमनजींच्या धर्मनिष्ठेला धरून आहे, आणि तो सगळ्यांना पटेलच असे नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता, पण तो कागदावर होता. पदमनजींनी त्या कागदामागची माणसे दाखवली. मला विशेष वाटते ते हे, की मराठीतल्या पहिल्या कादंबरीची नायिका घराचा उंबरठा ओलांडते. घरात बसून जे दिसले नसते, ते तिला वाटेवर दिसते.

पुढे मात्र आपली कादंबरी काही काळ दुसऱ्याच वाटेला लागली. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आणि रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ साली आली. राजपुत्र, राजकन्या, ताटातूट, संकटे, योगायोग आणि अखेर मीलन असा तो थाट. आपल्याकडे या प्रकाराला नावही पडले ते बाणभट्टाच्या 'कादंबरी' या संस्कृत ग्रंथावरून, म्हणजे एका नायिकेच्या नावावरून! १८७१ साली गुंजीकरांनी 'मोचनगड' लिहून तिला शिवकालात आणले. या कथा लोकांनी आवडीने वाचल्या. करमणुकीला मी नावे ठेवीत नाही, मी स्वतः त्याच धंद्यात आहे. पण घरोघरच्या माजघरात जे चालले होते, त्याची दखल या राजवाड्यांतून घेतली जात नव्हती.

आणि माजघरातल्या बाईने तरी वाचायचे कसे? काशीबाई कानिटकरांची हकिगत बोलकी आहे. त्यांचा जन्म १८६१ चा. लग्न होऊन सासरी आल्यावर, नवऱ्याच्या इच्छेखातर आणि घरातल्या बायकांची बोलणी सोसून, त्या वाचायला शिकल्या. बाईने पुस्तक हाती धरले की घराण्यावर संकट येते, अशी समजूत तेव्हा चांगल्या चांगल्या घरांतून होती. अशा दिवसांत वाचायला शिकलेल्या याच काशीबाई पुढे कादंबरीकार झाल्या, आणि हरि नारायण आपट्यांसारख्या कादंबरीकाराच्या जवळच्या स्नेही ठरल्या. हरिभाऊंच्या मागे त्यांचे चरित्र आणि पत्रव्यवहार प्रसिद्ध केला तो त्यांनीच.

हरिभाऊंचे नाव आले, आता माझ्या पिशवीतल्या पुस्तकाकडे येते. ते 'पण लक्षात कोण घेतो' हेच होते.

हरिभाऊ १८६४ साली खानदेशात पारोळे येथे जन्मले. कॉलेजात गेले, पण पदवी काही त्यांच्या हाती लागली नाही. आम्हां मॅट्रिकवाल्यांना यात केवढा दिलासा आहे म्हणून सांगू! १८९० साली त्यांनी 'करमणूक' नावाचे साप्ताहिक काढले, आणि यमूची ही आत्मकथा त्यात क्रमशः येऊ लागली. नाव करमणूक, आणि आत काय, तर एका ब्राह्मण मुलीचे बालपण, लग्न, सासर, नवऱ्याबरोबर मुंबईत मिळालेले सुखाचे थोडे दिवस, मग वैधव्य आणि बळाने झालेले केशवपन. पदमनजींची यमुना आणि हरिभाऊंची यमू यांच्यामध्ये तेहतीस वर्षे गेली. पदमनजींच्या पुस्तकात विधवांच्या स्थितीचे निरूपण आहे. हरिभाऊंच्या पुस्तकात विधवा स्वतः बोलते. 'मी' म्हणते. हा फरक लहान नव्हे. दुसऱ्याचे दुःख पाहून माणूस हळहळतो आणि पुढे जातो. पण 'मी' म्हणून जी सांगते, तिच्या शेजारी बसावेच लागते.

याच १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असा निर्धार तिथे झाला. पोट ज्या हत्यारावर, तेच एका कामापुरते खाली ठेवायचे, ही गोष्ट व्याख्यान देण्याइतकी सोपी नाही. तीन वर्षांनी, १८९३ च्या मार्चमध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले आणि गावाचा बहिष्कार ओढवून घेतला. त्याच १८९३ साली यमूची कथा पुस्तकरूपाने निघाली. आणि त्याच वर्षी १ जूनला आमच्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे तेव्हा नुकती विशी ओलांडलेले तरुण होते. मराठी पुस्तके एका जागी जमवावीत आणि ती लोकांना वाचायला मिळावीत, हा त्यांचा आणि त्यांच्या सोबत्यांचा ध्यास. मुंबईला असे संग्रहालय झाले ते त्यानंतर पाच वर्षांनी, ही गोष्ट आम्ही ठाणेकर कुणालाही न विचारता सांगतो. माझ्या पिशवीतले पुस्तक त्याच संग्रहालयातले होते.

एकाच वर्षी घडलेल्या या तीन गोष्टींत कार्यकारणभाव आहे असे माझे म्हणणे नाही. पण विचार करायला लावणारे पुस्तक, त्या विचाराप्रमाणे वागणारा माणूस, आणि ते पुस्तक घरोघर पोचवणारे कपाट या तिन्हींची गरज असते खरी. आणि चौथी गोष्ट म्हणजे उसंत. तिची मात्र कुठे स्थापना होत नाही.

आमची खोली साधीच होती, पण तिला लांब व्हरांडा होता. समोर तांबड्या मातीची वाट, वर झाडांची गच्च सावली, आणि हातातला लाडू पळवायला टपलेली माकडे. पहिल्या दिवशी सकाळी आम्ही शार्लट तलावाकाठच्या पिसरनाथाचे दर्शन घेतले. परतल्यावर मी पुस्तक सासूबाईंच्या हाती दिले. खरे सांगायचे तर ते मी माझ्यासाठी आणले होते. मी ते तरुणपणी वाचलेले, आणि आता ते जुने झाले असे माझे मत होते. एका लेखासाठी चाळावे, एवढाच हेतू. पण त्या म्हणाल्या, "दे इकडे. इथं कोण हाक मारणार आहे?" चष्मा पुसून त्यांनी पहिले पान उघडले.

वाचता वाचता जेवणवेळ टळून गेली. चहा गार झाला. मी एको पॉइंटला जाऊन आले तरी त्या त्याच खुर्चीत होत्या, फक्त ऊन सरकले तशी खुर्ची सरकली होती. मधून मधून हसायच्या. एकदा म्हणाल्या, "सासवा अश्शाच असतात हो!" आणि माझ्याकडे पाहून आणखी हसल्या. रात्री दिव्याशी बसून वाचले. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र हसणे थांबले. पुस्तक मांडीवर उपडे घालून त्या कितीतरी वेळ वाटेकडे पाहत राहिल्या. मी ओळखले, यमूची कथा कुठवर आली ते. मी काही विचारले नाही.

थोड्या वेळाने त्या आपणहून बोलल्या.

"आमच्याकडे रोह्याला बाबांची एक आत्या होती. सोवळी आत्या म्हणायचे सगळे. लाल आलवण, डोक्यावरून पदर. मी सहा-सात वर्षांची असेन. एकदा ती वाती वळीत बसली होती, आणि मी मागून जाऊन तिचा पदर ओढला. डोकं कसं दिसतं ते बघायला."

"मग?"

"रागावली नाही. पदर पुन्हा नीट केला आणि मला म्हणाली, 'बघून झालं?' आणि वाती वळायला लागली. मी पळून गेले. कुणाला सांगितलं नाही. आज सांगते आहे."

माकडे कुठेतरी पत्र्यावर धावत होती. मग सासूबाईंनी माझ्याकडे वळून विचारले, "अगं, पण तिचं नाव काय होतं? मला ठाऊकच नाही."

आम्ही दोघी गप्प बसलो. लग्नाला चव्वेचाळीस वर्षे झालेल्या सासूबाई आणि घरात येऊन वीस वर्षे झालेली मी. त्यांच्या माहेरच्या पाककृती मला ठाऊक, आजारपणे ठाऊक, कोणत्या मामाने कुणाच्या लग्नात काय गोंधळ घातला तेही ठाऊक. आणि मी तर कादंबरीकार, लोकांच्या घरात डोकावणारी! पण सोवळी आत्या आमच्या बोलण्यात कधी आली नव्हती. ज्या पुस्तकाला मी जुने ठरवून बसले होते, त्याच्या नावातला प्रश्न सव्वाशे वर्षांनी आमच्या व्हरांड्यात येऊन बसला होता, आणि त्याला उत्तर देता येत नव्हते.

संध्याकाळी आम्ही पॅनोरामा पॉइंटकडे थोडे चालून आलो. खाली नेरळ दिसत होते. मला आठवले, भाई कोतवाल याच माथेरानचे. १९१२ साली इथल्या नाभिक कुटुंबात जन्मले, वकील झाले, आणि १९४३ च्या २ जानेवारीला सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीला बळी पडले. त्यांचे नाव इथल्या मुलामुलांना पाठ आहे, आणि असायलाच हवे. पण इतिहास म्हणजे केवळ पाठ असलेली नावे नव्हेत. ज्यांचे नावच कुणी विचारले नाही त्यांचाही तो असतो, आणि त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट पुष्कळदा कादंबरीतून जाते. बखरीत सोवळ्या आत्येला जागा नसते. यमूच्या शेजारी असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कोपरीला परतलो. पिशवीत चिक्की होती आणि पुस्तक होते. सासूबाईंनी हातपाय धुतले आणि पहिले काम केले ते डोंबिवलीच्या चुलतभावाला फोन लावण्याचे. त्यांचे वय पंच्याऐंशी. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, सासरचे नाव काही आठवत नाही, त्या नावाने तिला कुणी हाक मारलीच नाही. पण आपली आजी तिला एकटी असताना चिमे म्हणायची, हे त्यांनी ऐकले होते.

चिमा. एवढेच मिळाले.

यजमानांनी चिक्की फोडता फोडता विचारले, "काय, झाली का मायलेकींची कादंबरी?" मी म्हटले, "झाली, पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर अजून सापडायचे आहे." ते आज देते. कोपरीत दिवे आहेत, खुर्च्या आहेत, पुस्तकेही आहेत. नाही ते एवढेच, की कुणी हाक मारणार नाही असे दोन दिवस. साहेबाने ते डोंगरावर जाऊन मिळवले, शेटजींनी डोलीत बसून मिळवले, आमच्यासारख्यांना ते आगगाडीने आणून दिले. घरातल्या बाईपर्यंत ते पोचायला फार उशीर लागला, आणि चिमाआत्येपर्यंत ते पोचलेच नाहीत. मन शांत व्हावे म्हणून आपण सहलीला जातो हे खरे. पण शांत झालेल्या मनात काहीतरी उमटावे लागते, नाही तर ती नुसती झोप. चांगली कादंबरी हे काम करते. दोन दिवस ती आपल्याला परक्या घरात नेते आणि परतताना आपल्याच घराचा एक बंद दरवाजा उघडून देते.

पुस्तक परत करायची तारीख टळून गेली होती. दंड भरून मी ते पुन्हा महिनाभरासाठी आणले, कारण सासूबाई ते दुसऱ्यांदा वाचीत होत्या. दुपारी दोन ते चार त्यांना कुणी हाक मारायची नाही असा नियम आता घरात झाला आहे. तो मोडण्याचा पहिला मान यजमानांना मिळाला, चहासाठी. "स्वयंपाकघर कुठं आहे ते ठाऊक आहे ना?" असे आतून उत्तर आले.

यंदा नरकचतुर्दशीला आमच्या दारात नेहमीपेक्षा एक पणती जास्त लागेल. शेजारच्या सिंधी आजींना त्या पणतीचे फार कुतूहल आहे. त्यांनी विचारले तर काय सांगायचे, हे सासूबाईंनी ठरवून ठेवले आहे. त्या नाव सांगणार आहेत.